परीक्षा सगळ्यांना एकच, मग भाजीवालीचा मुलगा सीए झाला की बातमी का होते?

जुलै २०२४ मधला डोंबिवलीचा तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. रस्त्याच्या कडेला भाजी विकायला बसलेली आई, तिच्यापुढे उभा असलेला तरुण मुलगा. तो सीए झाल्याचं सांगतो. आई उठते, त्याला घट्ट मिठी मारते आणि रडू लागते. मंत्र्यांपासून व्हॉट्सअपवरच्या काकांपर्यंत सगळ्यांनी तो पुढे पाठवला.

त्या निकालात देशभरातून २०,४४६ जण सीए झाले होते. बाकीच्यांचे व्हिडिओ आपल्यापर्यंत आले नाहीत. वकिलाचा मुलगा, बँक मॅनेजरची मुलगी किंवा सीएचाच मुलगा सीए झाला तर घरात पेढे वाटले जातात, बातमी होत नाही. त्याआधी जानेवारी २०१३ मध्येही असंच झालं होतं. मालाडच्या चाळीतल्या एका खोलीत राहणाऱ्या रिक्षाचालकाची मुलगी सीए फायनलला देशात पहिली आली, तिचा भाऊही त्याच निकालात पास झाला आणि आठवडाभर सगळ्या चॅनेलवर तेच घर दिसत होतं.

आपण असे व्हिडिओ पाहतो, डोळे पुसतो आणि पुढे जातो. पण एक साधा प्रश्न राहून जातो. सीएला डोनेशन नाही, मॅनेजमेंट कोटा नाही, जागांची मर्यादा नाही. पेपर तपासणाऱ्याला तुमचं आडनाव दिसत नाही. मग एवढ्या मोकळ्या दारातून कष्टकऱ्याचं पोर आत गेलं, याचं अजून नवल का वाटतं?

सीए होतात कसं, थोडक्यात

ज्यांना माहीत आहे त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल.

भारतात सीएची परीक्षा घेणारी संस्था एकच, इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया, म्हणजे आयसीएआय. संसदेच्या कायद्याने ती १ जुलै १९४९ ला सुरू झाली, म्हणून १ जुलैला सीए डे असतो. आज तिचे चार लाखांहून जास्त सदस्य आहेत. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमीडिएट, मग एखाद्या प्रॅक्टिस करणाऱ्या सीएच्या हाताखाली दोन वर्षं आर्टिकलशिप आणि शेवटी फायनल. २०२३ पूर्वी आर्टिकलशिप तीन वर्षांची होती. कॉमर्सचा पदवीधर ५५ टक्के आणि इतर शाखांचा ६० टक्के गुण घेऊन आला, तर फाउंडेशन न देता थेट इंटरमीडिएटला जाता येतं. म्हणजे बीए झालेल्यालाही रस्ता आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

पास व्हायला प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपमध्ये मिळून ५० टक्के लागतात. ऐकायला सोपं वाटतं. मे २०२४ च्या फायनलला दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांपैकी १९.८८ टक्के दोन्हींत पास झाले, आणि नोव्हेंबर २०२४ ला तोच आकडा १३.४४ वर आला.

दार उघडलं तेव्हा आत कोण होतं?

हा धंदा, म्हणजे हा व्यवसाय, आपल्याकडे मुंबईत वाढला. १९१३ च्या कंपनी कायद्याने हिशेब तपासनिसाला ठरावीक पात्रता हवी, असं पहिल्यांदा सांगितलं. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झालं. १९१८ मध्ये मुंबई सरकारने अकाउंटन्सीचा डिप्लोमा सुरू केला. परीक्षा द्यायची, मान्यताप्राप्त अकाउंटंटकडे तीन वर्षं उमेदवारी करायची, की नावापुढे जीडीए लागायचं. आजच्या सीएचा हा आजोबाच.

त्या काळातल्या आणि त्यानंतरच्या फर्मची नावं वाचली तरी चित्र डोळ्यांपुढे येतं. मुंबईत बिलिमोरिया, कल्याणीवाला आणि मिस्त्री, राईजी. पुण्यात भागवत, किर्तने आणि पंडित. पारशी, गुजराती व्यापारी घरं आणि शिकलेली ब्राह्मण घरं. यात कुणाचं कारस्थान नव्हतं. ज्यांच्या घरात पेढी, गिरणी किंवा कचेरी होती, त्यांच्या पोरांना ताळेबंद हा शब्द लहानपणापासून ऐकू यायचा, आणि उमेदवारीला ठेवून घेणारा कुणीतरी ओळखीचा असायचा. ज्यांच्या घरात यातलं काही नव्हतं, त्यांना हा रस्ता दिसलाच नाही.

बायकांचं तर विचारूच नका. इंग्लंडमध्ये मेरी हॅरिस स्मिथ नावाच्या बाई लंडनमध्ये स्वतःचं हिशेबाचं काम करत होत्या. त्यांनी तिथल्या चार्टर्ड अकाउंटंटच्या संस्थेकडे सदस्यत्व मागितलं. संस्थेने नकार दिला. कारण काय, तर संस्थेच्या सनदेत सदस्यासाठी ‘तो’ असा पुल्लिंगी शब्द आहे! १९१९ मध्ये ब्रिटिश संसदेने स्त्री असल्यामुळे कुणाला व्यवसायापासून अडवता येणार नाही असा कायदा केला आणि १९२० मध्ये त्या जगातल्या पहिल्या महिला चार्टर्ड अकाउंटंट झाल्या. तेव्हा त्यांचं वय पंच्याहत्तरच्या घरात होतं.

आपल्याकडची गोष्ट त्याहून भारी आहे, आणि ती शाळेत कुणी शिकवत नाही. मद्रासच्या आर. शिवभोगम. जन्म १९०७. गांधीजींच्या चळवळीत उतरल्या, अटक झाली, वेल्लोरच्या तुरुंगात वर्षभर राहिल्या. बाहेर आल्यावर त्यांनी काय निवडावं? हिशेब तपासनीस व्हायचं. १९३३ मध्ये त्या जीडीए पास झाल्या, देशातल्या पहिल्या महिला. पण पास होऊन काम सुरू करता येईना, कारण तुरुंगात गेलेल्याची नोंदणी करायची नाही असा सरकारी नियम होता. शिवभोगम यांनी अर्ज-विनंत्यांवर न थांबता कायदेशीर लढाई दिली, निर्णय त्यांच्या बाजूने लागला आणि १९३७ पासून त्यांनी स्वतंत्र प्रॅक्टिस केली. पुढे १९५५ ते १९५८ त्या आयसीएआयच्या दक्षिण विभागीय परिषदेच्या अध्यक्षा होत्या. फायनल एका झटक्यात पास होणाऱ्या उत्तम विद्यार्थिनीसाठी त्यांनी बक्षीसही ठेवलं. परीक्षा पास होणं आणि आत घेतलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल?

खरी चाळणी: आर्टिकलशिप

हे समजायला आधी जरा अमेरिकेत जाऊ. जॉन क्रॉमवेल नावाचा वॉशिंग्टनचा कृष्णवर्णीय माणूस. डार्टमथ कॉलेजात शिकलेला, हुशार. त्याला सीपीए म्हणजे तिथला सीए व्हायचं होतं. परीक्षेला रंग आडवा येत नव्हता, पण आधी एखाद्या सीपीएच्या हाताखाली अनुभव घ्या, अशी अट होती. गोऱ्यांच्या फर्म त्याला कामावर ठेवायला तयार नव्हत्या आणि कृष्णवर्णीय सीपीए तर एकही नव्हता, कारण पहिला तोच होणार होता! शेवटी त्याने अनुभवाची अट नसलेलं न्यू हॅम्पशायर राज्य शोधलं आणि १९२१ मध्ये तिथून परीक्षा दिली. पहिली कृष्णवर्णीय महिला सीपीए व्हायला तिथे १९४३ उजाडलं. मेरी वॉशिंग्टन, शिकागो.

म्हणजे नियम कागदावर सगळ्यांना सारखा होता, पण त्यातलं एक कलम दुसऱ्या कुणाच्या तरी मर्जीवर सोडलेलं होतं. आपल्याकडे हे कलम आर्टिकलशिपचं आहे.

इंटरमीडिएट होईपर्यंत तुम्ही, पुस्तक आणि परीक्षा, एवढंच जग असतं. त्यानंतर मात्र तुम्हाला एका सीएच्या ऑफिसात बसायचं असतं, आणि तिथे कुणीतरी ‘ये’ म्हणावं लागतं. घरात किंवा नात्यात कुणी सीए असेल तर हा प्रश्न एका फोनवर सुटतो. मोठ्या चार फर्म, म्हणजे डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी, सहसा पहिल्या प्रयत्नात दोन्ही ग्रुप काढलेल्यांना आणि मुलाखतीत सफाईदार इंग्रजी बोलणाऱ्यांना बोलावतात. उरलेल्यांनी बायोडेटा घेऊन ऑफिसं पालथी घालायची. आता आयसीएआयचं आर्टिकल प्लेसमेंटचं ऑनलाइन पोर्टल आहे आणि ते वापरायलाच हवं. पण लहान शहरांतल्या बऱ्याच फर्म अजून ओळखीवरच मुलं घेतात, हे तिथल्या कुठल्याही आर्टिकलला विचारा.

मग पैसे. आर्टिकलला पगार नसतो, स्टायपेंड असतो. किमान किती द्यायचा हे शहराच्या लोकसंख्येवरून आयसीएआय ठरवतं. २०२३ च्या बदलांत तो वाढला, तरी आकडा काही हजारांतच आहे. मुंबईत किंवा पुण्यात कॉट बेसिस, खानावळ आणि लोकलचा पास यांची बेरीज केली की स्टायपेंड महिन्याच्या मध्यावरच संपतो. लातूरच्या मुलाने पुण्यात आर्टिकलशिप करायची म्हणजे घरून दोन वर्षं पैसे यायला हवेत. आणि ते ज्या वयात यायला हवेत, त्या वयात त्याचा मित्र कंपनीत पॅकिंगला लागून घरी पैसे पाठवत असतो.

एका गैरसमजाबद्दल इथे सांगायला हवं. ‘सीए गरिबाचा कोर्स आहे, फी कमी आहे’ असं म्हणतात. फी कमी आहे हे खरंच. आयसीएआयची नोंदणी, ट्रेनिंग आणि परीक्षा मिळून सगळा खर्च साधारण लाखाच्या आतबाहेर. खासगी मेडिकल कॉलेजशी तुलनाच नको. पण खरा खर्च फीचा नसतो, तो न कमावण्याच्या वर्षांचा असतो. एकही पेपर न अडकता गेलं तरी बारावीनंतर चार वर्षं सहज जातात. दोनतीन वेळा नापास झालं की सहा, सात. ज्याच्या घरी दुकान आहे तो पुन्हा फॉर्म भरतो. ज्याच्या घरी बहिणीचं लग्न आहे, तो एका प्रयत्नानंतर थांबतो आणि आयुष्यभर ‘सीए इंटर’ लिहून नोकरी करतो. गुणवत्तेत तो कमी होता का? कदाचित त्याला फक्त तिसरा प्रयत्न परवडला नाही.

आर्टिकलशिप तीनची दोन वर्षं झाली, त्याचा म्हणून खरा फायदा याच मुलांना आहे. काही जुन्या सीएंना हा बदल आवडलेला नाही, दोन वर्षांत पोरं काय शिकणार असं ते म्हणतात. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण ते तिसरं वर्ष कुणाला परवडत होतं, हेही विचारायला हवं.

नावे-जमा आणि डेबिट-क्रेडिट

मराठी माध्यमाच्या मुलांचं दुखणं वेगळंच असतं.

महाराष्ट्रात अकरावी-बारावी कॉमर्स मराठीतून करता येतं. विषयाचं नाव पुस्तपालन व लेखाकर्म. त्यात कीर्द आहे, खतावणी आहे, तेरीज आहे, घसारा आहे. ही मुलं घसारा काढण्यात पटाईत असतात. फाउंडेशनचा पेपर हातात येतो तेव्हा तोच घसारा डेप्रिसिएशन होऊन समोर उभा असतो, तेरीज ट्रायल बॅलन्स झालेली असते, खतावणी लेजर. अकाउंटचं निदान आकड्यांवर निभावतं. पण कायद्याचा पेपर? तिथे परिच्छेदच्या परिच्छेद इंग्रजीत लिहायचे असतात. ज्याने बारावीपर्यंत इंग्रजी हा फक्त एक विषय म्हणून शिकला, तो करार कायदा समजून घेतो आणि लिहिताना अडतो.

आयसीएआय उत्तरं इंग्रजीत किंवा हिंदीत लिहू देतं. मराठीत नाही, आणि इतरही कुठल्या प्रादेशिक भाषेत नाही. देशभर एकच पातळी राहायला हवी आणि व्यवसायाची भाषा इंग्रजी आहे, असं त्यामागचं नेहमीचं स्पष्टीकरण. मग हिंदी कशी चालते, हा प्रश्न मद्रासपासून मालवणपर्यंत कुणालाही पडू शकतो. हिंदी माध्यम मराठी मुलाला सोपं जाईल असंही नाही. आपल्याकडे जो करार, तो तिथे अनुबंध. लिपी तेवढी ओळखीची, बाकी शब्द पुन्हा नव्याने पाठ करायचे.

कुणी म्हणेल, सीएला पुढे इंग्रजी लागणारच आहे, तर आधीच शिकू दे. बरोबर आहे, शिकायलाच हवं. पण मग ते शिकायची सोय अकरावीतच का नको? मराठी पुस्तकात प्रत्येक शब्दासमोर त्याचा इंग्रजी जोडीदार सवयीचा करून दिला, तर अर्धी भीती तिथेच जाईल. आणि या व्यवसायाला मराठीची गरज नाही, हे तर साफ चूक. गावच्या पतसंस्थेचा, दूध सोसायटीचा, साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल मराठीत छापतात. सर्वसाधारण सभेत सभासद मराठीत प्रश्न विचारतो. तिथे ताळेबंदाचा अर्थ सभासदाच्या भाषेत सांगणारा माणूस नसेल तर काय होतं, हे बुडालेल्या पतसंस्थांच्या ठेवीदारांना विचारा.

गंमत म्हणजे मराठीतून हिशेब तपासणीची परीक्षा होऊ शकते याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. राज्याचं सहकार खातं जीडीसी अँड ए नावाची परीक्षा घेतं, सहकार आणि लेखा यांचा सरकारी डिप्लोमा. कुठलाही पदवीधर ती देऊ शकतो आणि उत्तरं मराठीत लिहू शकतो. पुढे अनुभवाची आणि पॅनेलवर नोंदणीची अट पूर्ण केली की सहकारी संस्थांचं ऑडिट करता येतं. सीएच्या मानाने व्याप लहान, पण नोकरी सांभाळून तालुक्याच्या गावात राहून करण्यासारखं काम आहे. करिअर मार्गदर्शनाच्या बॅनरवर हे नाव क्वचितच दिसतं.

मुली वर्गात भरपूर, वरच्या खुर्चीवर?

सीएच्या क्लासमध्ये कधी डोकावलात तर अर्धी बाकं मुलींची दिसतील. आयसीएआयच्या विद्यार्थ्यांत मुलींचं प्रमाण ४० टक्क्यांच्या वर आहे. सदस्यांत, म्हणजे प्रत्यक्ष सीए झालेल्यांत, ते सुमारे ३० टक्के आहे. या दोन आकड्यांवरून ‘दहा टक्के मुली गळतात’ असं गणित फेसबुकवर मांडलेलं दिसतं, ते तेवढं सरळ नाही. सदस्यांत चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी सीए झालेलेही मोजले जातात आणि तेव्हा वर्गात मुली जेमतेम असायच्या. त्यामुळे आजच्या वर्गाचं चित्र सदस्यांच्या यादीत उतरायला वेळ लागणारच.

पण वर जाताना प्रमाण कमी होतं, हे मात्र नुसत्या वेळेच्या हिशेबात बसत नाही. आयसीएआयच्या केंद्रीय परिषदेत ३२ जागा निवडणुकीच्या, ८ सरकारने नेमायच्या. निवडून येणाऱ्या महिला हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. आणि १९४९ ते २०२५ या काळात अध्यक्षपदी एकही महिला आलेली नाही. गोपाळदास कापडियांपासून सगळे पुरुष. कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेला २००७ मध्ये प्रीती मल्होत्रा अध्यक्ष म्हणून लाभल्या. ज्या इंग्लंडच्या संस्थेने ‘तो’ शब्दावरून मेरी हॅरिस स्मिथना अडवलं होतं, तिथेही १९९९ मध्ये शीला मास्टर्स अध्यक्ष झाल्या.

मधल्या वाटेत होतं काय? थोडं कामाच्या स्वरूपात आहे. ३१ मार्चला कारखान्याच्या गोदामात जाऊन स्टॉक मोजावा लागतो, तिथे बाईसाठी धड स्वच्छतागृह नसतं. आर्टिकलचे कामाचे तास नियमाने आठवड्याला ३५ आहेत, पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टॅक्स ऑडिटच्या आणि रिटर्नच्या तारखा आल्या की रात्रीचे दहा वाजतात. शेवटची बदलापूर लोकल मुलग्यालाही असते आणि मुलीलाही. घरातून फोन मात्र मुलीला येतो. ‘आउटस्टेशन ऑडिटला तुला नाही पाठवत, सोय नीट नसते’ असं सर प्रेमाने म्हणतात. त्या ऑडिटचा अनुभव मग मुलग्याच्या बायोडेटात जातो.

थोडं लग्नात आहे. प्रॅक्टिस ही माणसांवर उभी असते. सांगलीत दहा वर्षं जमवलेले क्लायंट नाशिकला नेता येत नाहीत. लग्नानंतर गाव बदलायचं कुणी, हे आपल्याकडे आधीच ठरलेलं असतं, म्हणून सीए झालेल्या अनेक मुली प्रॅक्टिसऐवजी नोकरी धरतात. त्यात कमीपणा काही नाही, उलट पैसा बरा असतो. पण आर्टिकल ठेवायचा अधिकार प्रॅक्टिसवाल्याकडे असतो. परिषदेची निवडणूक लढवायलाही प्रॅक्टिसमधल्या ओळखी कामी येतात. त्यामुळे दाराशी बसणारे पुन्हा पुरुषच राहतात.

आयसीएआयने महिला सदस्यांसाठी वेगळी समिती केली आहे आणि अर्धवेळ किंवा लवचीक वेळेच्या कामांचं पोर्टलही चालवलं आहे. शिवाय २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना संचालक मंडळावर किमान एक महिला घेणं बंधनकारक झालं, तेव्हापासून अनुभवी महिला सीएंना मागणी आली. या सोयी चांगल्याच आहेत. फक्त मूल झाल्यावर अर्धवेळ काम शोधणारी सीए ही बाईच असणार, हे त्यात गृहीत धरलेलं आहे, आणि ते खटकतं.

दिसत नसेल तर?

दिव्यांग विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. दृष्टिहीन सीए भारतात आहेत आणि काम करत आहेत. स्क्रीन वाचून दाखवणारी जॉज किंवा एनव्हीडीए ही सॉफ्टवेअर एक्सेलचे रकाने वाचून दाखवतात. अडचण भलतीकडेच येते. क्लायंट बिलांचे फोटो काढून पाठवतो, आणि फोटोतली अक्षरं स्क्रीन रीडरला थेट वाचता येत नाहीत. सरकारी पोर्टलवर वाकडीतिकडी अक्षरं ओळखा म्हणतात. आणि चालायला त्रास असलेल्या मुलाला हे काहीच आड येत नाही, पण फर्म दुसऱ्या मजल्यावर असते आणि लिफ्ट नसते. जुन्या बाजारपेठेतल्या सीएचं ऑफिस आठवून पाहा.

निवड खरं तर दहावीच्या सुट्टीत होते

आपण करिअर निवडतो असं म्हणतो. बहुतेक घरांत ते निकालाच्या आठवड्यात, शेजाऱ्याच्या सल्ल्याने ठरतं. नव्वदच्या वर असेल तर सायन्स, गणित नको असेल तर कॉमर्स. या एका वाक्याने किती मुलांचं नुकसान केलं असेल! कारण बऱ्याच कॉलेजांत अकरावी कॉमर्सला गणित किंवा चिटणीसाची कार्यपद्धती, म्हणजे एसपी, असा पर्याय असतो. गणित टाळायला आलेलं मूल एसपी घेतं. दोन वर्षांनी कुणीतरी सीएचं सांगतं, आणि फाउंडेशनचा तिसरा पेपर निघतो गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा, तोही चुकीच्या उत्तराला पाव गुण कापणारा. एसपीवाल्याला परीक्षेला बसायला बंदी नाही. पण सोळाव्या वर्षी सहज केलेली ती खूण अठराव्या वर्षी महागात पडते, आणि ज्याच्या घरात आधी कुणी सीए झालेलं नाही, त्यालाच ही गोष्ट उशिरा कळते. सीएच्या मुलाला ती जेवता जेवता कळलेली असते.

शिवाय ज्या घरात कुणी सरकारी नोकरीपलीकडे पाहिलेलं नाही, तिथे लेखा म्हटलं की तलाठी, बँक आणि एमपीएससी एवढंच डोळ्यांपुढे येतं. तो मार्गही कमी प्रतीचा नाही, हे नीट सांगायला हवं. महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेत एमपीएससीतून जाता येतं, कॅगच्या कार्यालयांत केंद्राच्या परीक्षेतून. तिथे आरक्षण आहे, पहिल्या दिवसापासून पगार आहे, मराठी मुलांना ओळखीचं वातावरण आहे. ज्याच्या घराला चार वर्षं थांबणं शक्य नाही, त्याने हा मार्ग घेतला तर तो घाबरला असं म्हणू नये. त्याने गणित बरोबर केलेलं असतं. वाईट तेव्हा वाटतं, जेव्हा दुसरा मार्ग आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर

त्याला एवढं पाठवा. फाउंडेशनची तात्पुरती नोंदणी दहावीनंतरही करता येते, म्हणजे अभ्यासाला वेळ मिळतो. आयसीएआयचे ऑनलाइन क्लास मोफत आहेत, इंग्रजी आणि हिंदीत. लाखांची फी घेणारा खासगी क्लास लावण्याआधी ते महिनाभर बघा. आर्थिक अडचणीतल्या आणि मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी आयसीएआयच्या शिष्यवृत्त्या आहेत. रक्कम मोठी नसते, पण पुस्तकांचा आणि परीक्षेचा भार हलका होतो. ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, लडाख आणि अंदमानच्या विद्यार्थ्यांना फीमध्ये ७५ टक्के सवलत दिली गेली आहे. गडचिरोली किंवा नंदुरबारसाठी तशी सवलत का नसावी, असा अर्ज कुणी आमदार-खासदारांनी केला तर वाईट होणार नाही.

कोल्हापूर, सांगली, लातूर, नांदेड, जळगाव, अकोला अशा शहरांत आयसीएआयच्या शाखा आहेत. तिथे वाचनालय असतं, आणि मुख्य म्हणजे गावातले प्रॅक्टिस करणारे सीए तिथे येत-जात असतात. इंटर झाल्यावर आर्टिकलशिपसाठी ओळख लागते तेव्हा ज्याच्या नात्यात कुणी नाही, त्याला ती इथेच मिळू शकते. जाताना मार्कशीटच्या दोन झेरॉक्स घेऊन जा, आणि सप्टेंबर महिना टाळा. तेव्हा तिथल्या कुणालाही मान वर करायला वेळ नसतो.